बारावी किल्ली

मावशींनी बादली खाली ठेवली, "पाय वर" म्हणाल्या, आणि अकरा विद्वानांचे बावीस पाय एकदम वर गेले.

युरोपचं एकीकरण आणि जगाचा कारभार यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाच्या त्या केंद्रात एकमतानं होणारी एवढी एकच गोष्ट होती. बाकी सगळं अडलेलं. नियमच असा, की एकानं जरी नाही म्हटलं तरी ठराव बारगळला. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर अकरा वर्षं चर्चा चालू होती; तोवर ती अर्धी उघडी होती. चहा की कॉफी, हा करार बेचाळीस पानांचा, शिवाय तीन परिशिष्टं. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, दुसरं परिशिष्ट नुसत्या साखरेवर आहे. सभा कधी संपेल याचा भरवसा नसल्यानं मावशी भर सभेतच फरशी पुसून घेत.

आज मात्र घाई होती. नव्या इमारतीचा सातवा मजला केंद्राला मिळत होता. पाचच्या आत एकमताचा ठराव कुलसचिवांकडे पोचला नाही, तर मजला क्रीडा विभागाला जाणार होता.

"कुणाचा विरोध?" संचालक सरांनी विचारलं, आणि सगळ्यांनी धास्तीनं व्हेटोकाकांकडे पाहिलं. काका केंद्रातले सर्वांत जुने प्राध्यापक. पहिल्या फटक्यात त्यांनी कशालाच होकार दिला नव्हता. स्वतःच्या अभिनंदनाच्या ठरावालासुद्धा दोन दुरुस्त्या सुचवल्या होत्या.

"नाही बुवा," काका म्हणाले. "तिथं लिफ्ट आहे."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात करारांच्या अभ्यासक मॅडमनी सहज विचारलं, "आणि मावशींचं काय?"

"तिथं कंत्राटदाराची माणसं येतात," सरांनी आवाज खाली आणला. "मावशींचं काम या महिन्यापुरतं."

टेबलाखाली मॉप थांबला. बावीस पाय हवेतच राहिले.

काकांना एक वाईट खोड होती. विरोध करायचा नसला तरी कागद चाळल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. ते केंद्राची मूळ नियमावली चाळत होते.

"थांबा. ठराव होत नाही."

"काका!" दहा जण एकदम ओरडले.

"मी नाही अडवत हो! कलम तीन वाचा. 'या खोलीची किल्ली ज्याच्याकडे, तो केंद्राचा सदस्य.'" सदस्य कुणाला म्हणायचं यावर संस्थापक मंडळी तीन दिवस भांडली होती, आणि चौथ्या दिवशी जेवणाची वेळ टळू लागली तेव्हा एवढं लिहून उठली होती. "बोला, किल्ल्या किती?"

सगळ्यांनी खिसे आणि पर्स चाचपल्या. टेबलावर अकरा किल्ल्या जमल्या. मग टेबलाखालून एक ओला हात वर आला आणि त्यानं बारावी ठेवली, अख्ख्या जुडग्यासकट.

"रोज मीच तर उघडते," मावशी गुडघ्यावर हात टेकत उठल्या. "तुमच्या त्या किल्ल्या कुलपाला लागतात तरी का, बघा एकदा."

सरांनी घसा साफ केला. "मावशी, या ठरावाला तुमची संमती आहे ना?"

"नाही."

आणि मग जो काही आनंद उसळला म्हणता! सरांनी व्हेटोवर सहाशे पानांचं पुस्तक लिहिलं होतं. पण काका अडवायचे ते सवयीनं. ज्याचं खरोखर काही जाणार आहे अशा माणसानं सगळ्यांना अडवलेलं सरांनी फक्त छापील पाहिलं होतं. वह्या निघाल्या. कुणी फोटो घेतला.

"मावशी, पुन्हा म्हणा ना," मॅडम पेन सरसावून म्हणाल्या.

"नाही, नाही, नाही. घ्या, तीनदा लिहा."

"आपण मोठा निरोप समारंभ करू," सर म्हणाले. "छानसं घड्याळ देऊ."

"घड्याळ तुम्ही वापरा. इथं वेळेवर येणारी मी एकटीच आहे."

"मग दोन वर्षांचा संक्रमणकाळ?" मॅडमनी सुचवलं.

"म्हणजे दोन वर्षांनी हाकलणार, असंच ना?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तीस वर्षं शिकवतेय. इतक्या सोप्या भाषेत मला नव्हतं सांगता आलं."

"पण मावशी, तुम्हाला हवंय तरी काय?" सरांनी विचारलं.

"तुम्ही जिथं, तिथं मी. एकवीस वर्षं तुम्हाला पाय उचलायला लावतेय. ती नवी माणसं कशाला सांगत बसतील? तुमच्या बुटांवरूनच फिरवतील मॉप."

पाचाला आठ मिनिटं कमी होती. सरांनी कुलसचिवांना फोन लावला.

"कोण अडवतंय? काकाच ना?" पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"नाही. दुसरे सदस्य आहेत. अट एकच आहे, पण कडक आहे. आमचा मजला कंत्राटातून वगळा. मावशी आमच्याबरोबर येणार."

कुलसचिवांना खिडकीची अकरा वर्षं आठवली असावीत. ते अर्ध्या मिनिटात "बरं" म्हणाले, वर "आत्ताच लेखी पाठवतो" असंही म्हणाले, आणि खरंच पाठवलं.

बारा हात वर गेले. काकांचासुद्धा, एकही दुरुस्ती न सुचवता. पाचाला दोन कमी असताना ठराव रवाना झाला.

मावशी मॉपकडे वळल्या.

"बसा," काकांनी कोपऱ्यातली खुर्ची टेबलाशी ओढली. "सभा संपलेली नाही. सदस्यांनी बसायचं असतं."

"आणि ही अर्धी फरशी कोण पुसणार?"

काकांनी बाह्या दुमडल्या. मॉप उचलला, आधी उलटा धरला, मग मावशींच्या चेहऱ्याकडे बघून सुलटा केला. मावशी खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"पाय वर," ते म्हणाले.

बावीस पाय वर गेले. त्यातले दोन जरा उशिरानं.