पक्कं वजन

निरीक्षकसाहेबांनी तंबाखूची डबी शर्टाच्या खिशात ठेवली आणि मग बोटाने पुन्हा थोडी वर ओढली. झाकण दिसायला हवं होतं. समोर वॉर्डातलं सिस्टरांचं टेबल होतं आणि आजची सगळी तपासणी या डबीवर होती.

डबी तशी रिकामी. घशाचा कॅन्सर निघाला त्याच दिवशी बायकोने आतली तंबाखू मोरीत ओतली, डबी घासली आणि शिवणाच्या खणात टाकली. तेव्हापासून तिच्यात बटणं आणि टाचण्या राहत. आज सकाळी साहेबांनी त्या एका वाटीत ओतल्या आणि डबी गुपचूप लांबवली.

दुकानांतली वजनमापं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. तिथून त्यांनी एक खूण उचलली होती. दुकानदार आठ्या घालून ‘आटपा लवकर’ म्हणाला, तर तराजू बहुधा सरळ. त्याने खुर्ची पुसून पुढे केली, की समजावं, पारड्याखाली काहीतरी चिकटवलंय. मग गप्पा मारत बसायचं नाही. पिशवीतून आपलं पक्कं वजन काढायचं, पारड्यात ठेवायचं आणि काट्याकडे बघायचं.

आणि उपचार संपल्यापासून जो तो त्यांना खुर्ची पुसून देत होता.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, “सगळं स्वच्छ आहे. मजेत राहा.” एवढं बोलून थांबले असते तर ठीक होतं, पण ते उठून दारापर्यंत पोचवायला आले. कुठला डॉक्टर उठतो? सिस्टरांचं तर विचारूच नका. सुया टोचताना, नळी बदलताना या बाईंनी त्यांना उभं आडवं झापलं होतं. “नाटकं पुरे, तोंड उघडा!” हा त्यांचा नमस्कार. त्या दिवशी मात्र त्या चक्क हसल्या. “जपा हं काका,” म्हणाल्या.

घरी तीच तऱ्हा. पलंगावर ओला टॉवेल टाकला, बायको गप्प. टीव्ही मोठ्याने लावला, गप्प. नळी निघाल्यावर पहिला घोट नीट गिळला गेला, तेव्हा साहेब तिला दोन बरे शब्दही बोलले. तेव्हापासून तर ती मऊच झाली. हे लोण्याचं वागणं साहेबांनी एकदाच पाहिलं होतं. त्यांच्या वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी थोरल्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘आता त्यांना हवं ते करू द्या.’ त्या संध्याकाळी भावाने वडिलांना स्वतःच्या हाताने सिगारेट पेटवून दिली होती.

म्हणून ही डबी. सिस्टर भडकल्या, तर आपण जगणार. ‘असू दे’ म्हणाल्या, तर हिशेब मिटला.

बायकोला त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवलं. “सिस्टरांचे आभार मानून आलोच,” म्हणाले. तेही खोटं नव्हतं. पण माप तपासल्याशिवाय सही करायची नाही, ही जुनी खोड.

“अय्या, काका! या ना, बसा.” सिस्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

साहेबांनी आधी खुर्चीकडे पाहिलं. ते बसले. छाती जरा पुढे काढली. सिस्टरांची नजर चेहऱ्यावरून खिशावर आली आणि तिथेच थांबली. हातातलं पेन त्यांनी हळूच टेबलावर ठेवलं. साहेब त्या पेनाकडे काट्याकडे बघावं तसे बघत राहिले.

“काका,” सिस्टर अगदी हळू म्हणाल्या, “ते काय आहे?”

“हे होय? डबी. कधीतरी आपली... चिमूटभर.”

“चिमूटभर?” सिस्टर उभ्या राहिल्या. पलीकडच्या खाटेवरचा पेशंट दचकला. “लाज नाही वाटत? तुमच्या घशासाठी इथे सगळ्यांनी रक्ताचं पाणी केलं, आणि तुम्ही चिमूट घेऊन आलात मला दाखवायला? उपचार संपले म्हणून चार शब्द गोड बोलले, तर लगेच शेफारलात? काढा ती डबी! काढा म्हणते ना!”

साहेबांनी डबी काढून दिली. त्यांचं तोंड कानापर्यंत फाकलं होतं. अशी सरळ तोलणारी बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

“सिस्टर,” ते हात जोडून म्हणाले, “फार उपकार झाले तुमचे. सगळ्यांचे.” डोळे गळायला लागले.

“उपकार गेले खड्ड्यात.” सिस्टरांनी झाकण उघडलं. आत एक पांढरं बटण होतं, वाटीत पडायचं राहिलेलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. “काका, हा काय चावटपणा आहे?”

आरडाओरडा ऐकून बायको दारात आली होती. तिने डबी पाहिली, नवऱ्याचे डोळे पाहिले, आणि आत आली.

“सकाळीच कळलं मला, डबी नेलीत ते,” ती म्हणाली. “टाचण्या वाटीत दिसल्या.”

साहेबांचं हसू विरलं. “कळलं? आणि बोलली नाहीस? मी तंबाखू भरून आणली असती तर?”

“म्हटलं, खाऊ देत. राहिलेत किती दिवस.”

“कोण म्हणालं तुला असं? डॉक्टर?”

“डॉक्टर कशाला सांगतील? तुम्हाला एकट्याला सांगितलं असणार, असं वाटलं.” तिने पदर डोळ्यांना लावला. “अहो, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मला थँक्यू म्हणालात तुम्ही. मी दुसरं काय समजणार होते?”