निळ्या विहिरीवरच्या मोटारी

आता जमिनीखालचं पाणी सरकताना सगळ्यांच्या मोबाइलवर दिसायचं. कारखान्याचं विष लाल, चांगलं पाणी निळं. हा नकाशा ढोबळे मॅडमनी कॉलेजात अख्खा जन्म घालवून बनवलेला. गावात एकच विहीर निळी उरली होती, आणि तिच्यावर सगळ्यांच्याच मोटारी घरघरत होत्या.

मॅडम धापा टाकत आल्या. त्यांनी नकाशाच्या गणितात या विहिरीवर एकच मोटार धरली होती.

"बंद करा! एवढं उपसलंत तर लाल पाणी इकडंच ओढलं जाईल!"

सगळ्यांनी मोबाइल बघितले. लाल पट्टा खरंच विहिरीकडं वळला होता.

"आयला, आलं की!" टँकरवाला रौफ ओरडला. "यायच्या आत भरून घ्या रे!"

त्यानं आणखी एक मोटार सोडली. मोबाइलवरचा लाल पट्टा धावायला लागला.