सहा नंबरची केबिन

सहा नंबरच्या केबिनचा पडदा आजही ओढलेला होता, आणि पडद्याआड गोकुळाचा स्वतःचा नवरा होता.

कोरपन्यातलं ते इंटरनेट कॅफे दोघांचंच. देवानंद संध्याकाळी कापसाच्या जिनिंगमधल्या कामावरून परतायचा, चहा घ्यायचा आणि थेट त्या केबिनमध्ये शिरायचा. जेवायला हाक मारेपर्यंत बाहेर यायचं नाव नाही. चॅटिंगचे नवे दिवस होते. भल्याभल्या घरची माणसं तासन् तास कुणाकुणाशी बोलत बसायची. मग हाच काय तेवढा सोवळ्यातला? कोणीतरी होती. चंद्रपूरची असेल, नागपूरची असेल. गोरी तर असणारच. गोकुळाने तिला बांगड्यांसकट डोळ्यांसमोर उभं केलं होतं आणि तिचा जीव नुसता जळत होता.

"कोन हाय ते?" तिने सकाळीच विचारलं होतं.

"कोनी नाई," देवानंद म्हणाला होता.

मेडिकलवालीबद्दल विचारलं तेव्हाही हेच उत्तर. चुलतवहिनीबद्दल हेच. कॅफेत मेल बघायला येणाऱ्या डिंपलबद्दल, बसमध्ये शेजारी बसलेल्या मास्तरणीबद्दलही हेच. कोनी नाई म्हणणाऱ्याचंच कोणी ना कोणी असतं, असं गोकुळाचं ठाम मत होतं.

ती काही रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. मशीन अडकली की रीस्टार्ट करण्याआधी तिच्यावर चालू असलेलं सगळं बंद करावं लागे. त्यासाठी गोकुळाने स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. काउंटरवरून केबिनचा नंबर द्यायचा. तिथे काय काय चालू आहे त्याची नावं समोर येत, मग एकेक बंद होई आणि मशीन पुन्हा सुरू होई. चॅटच्या खिडकीवर तर पलीकडच्या माणसाचं नावच असे. तेच तिला हवं होतं.

तिने सहाचा आकडा टाकला.

नाव आलं नाही. एकही नाही. त्या मशीनवर बंद करण्यासारखं काही चालूच नव्हतं. मशीन मुकाट्याने रीस्टार्ट झाली. पडद्याआडून हूं की चूं नाही.

ती तरातरा गेली आणि पडदा बाजूला सारला. देवानंद मांडीवर हात ठेवून बसला होता. स्क्रीनकडे त्याचं लक्षही नव्हतं.

"काईच चालू नाई. मंग रोज इथी काय करून राह्यले तुमी?"

"बसतो," तो म्हणाला. "इथी मले कोनी काई विचारत नाई."

गोकुळा दारातच खाली बसली. तिचे डोळे भरून आले. या माणसाला आपण किती छळलं, हे तिला पहिल्यांदाच कळलं, आणि लाजही वाटली. तिने त्याचा हात हातात घेतला.

मग तिने पदराने डोळे पुसले आणि अगदी मायेने विचारलं,

"हे पयले कोनाले सांगतलं तुमी? डिंपलले?"