उजवी खुर्ची

पाचला वीस मिनिटं कमी होती आणि गाडी सिग्नलला अडकली होती. कॅप्टनने खिशातला कागद तिसऱ्यांदा काढला, घडी उलगडून वाचला आणि परत खिशात घातला. त्याचा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. गाडी बायको चालवत होती.

"शांत बसा हो. शेजारच्या खुर्चीत बसायची सवय आता करायचीच आहे."

त्याला ते लागलं.

प्रवासी आटले तशी कंपनीने नऊ विमानं उभी करून ठेवली होती. विमानं कमी, म्हणजे कॅप्टनही कमी. ज्येष्ठतेच्या यादीत जे कॅप्टन खाली होते, त्यांना पत्रं आली. हा या कंपनीत उशिरा आलेला, म्हणून वयाने मोठा असूनही यादीत खालीच होता. कॉकपिटमधली डावी खुर्ची सोडा आणि उजवीकडे सहवैमानिक म्हणून बसा, नाहीतर घरी बसा. यादीचा नियम सरळ होता. वरचा एक जण पायरी उतरला की सगळ्यात खालचा एक जण बाहेर पडायचा.

सोमवारी ऑफिसात त्याने चारचौघांसमोर, उभ्याउभ्याच, पत्रावर 'नाही' लिहून दिलं होतं. "कालची पोरं डावीकडे बसून हुकूम सोडणार आणि मी चाकं वर घेणार? जमणार नाही," असं त्याने तिथे सुनावलंही होतं. म्हणजे निदान त्याला तसं आठवत होतं. कदाचित ते तो जिन्यात, स्वतःशीच म्हणाला असेल.

त्यानंतरचे तीन दिवस त्याचा पाय एका जागी ठरला नाही. गळत नसलेला नळ त्याने दोनदा खोलला. वरून विमान गेलं की तो ताटावरून उठून खिडकीशी जायचा, आवाजावरून विमान ओळखायचा आणि मग उगाचच चिडायचा. शेवटी आज दुपारी शाळेतून आल्या आल्या बायकोने विचारलं होतं, "डाव्या खुर्चीपासून उजवी खुर्ची किती लांब?"

"दीड हात."

"आणि घर?"

त्याने नळाचा पान्हा उचलला.

"घर चालेल हो माझ्या शाळेच्या पगारात, ओढूनताणून. पण तुम्ही दिवसभर घरात, ते नाही चालायचं. या वयात दुसरी कंपनी दारात उभी करणार नाही. नळ तरी किती वेळा दुरुस्त कराल?"

मग त्याने कागद ओढला. 'माझा नकार मागे घेतो. उजवी खुर्ची मान्य आहे.' दोनच वाक्यं लिहायला अर्धा तास लागला. पक्की यादी पाचला लागणार होती. त्याआधी सहीचा कागद पोचायला हवा होता.

ऑफिसचा जिना तो दोन-दोन पायऱ्या चढला. बायको मागे धापा टाकत होती. वरती काहीतरी वेगळंच चाललं होतं. एरवी मान वर न करणारा इंजिनिअर बाजूला सरून उभा राहिला. वैमानिकांच्या खोलीतले दोघेतिघे त्याला पाहून चक्क उठले. आपली कीव करतायत सगळे, असं त्याला वाटलं. त्याने चाल वाढवली.

ड्यूट्या लावणाऱ्या कारकुनाच्या टेबलापाशी एक तरुण सहवैमानिक मुलगी उभी होती. सहा-सात वेळा ती त्याच्या उजवीकडे बसली होती. एकदा तिच्या हातून उतरताना विमान जरा आपटलं, तेव्हा त्याने तिला सगळ्या क्रूसमोर झाडलं होतं. त्याला पाहताच ती पुढे आली.

"सर, कच्ची यादी लागली. सगळ्यात शेवटचं नाव माझं आहे." ती हसत होती. "शेवटचं, पण रेषेच्या वर! नोकरी वाचली."

त्याला काही उलगडलं नाही.

"तुम्ही उजवीकडे यायला नाही म्हणालात म्हणून, सर. सगळे तेच म्हणतायत. कॅप्टनने आपली खुर्ची सोडली, पण पोरीची घेतली नाही. खरं सांगू? मला तुमच्याकडून हे वाटलंच नव्हतं. तुमच्याबरोबर ड्यूटी लागली की मी ती बदलून मिळते का बघायचे. आई म्हणाली, अगं, काही माणसं फणसासारखी असतात."

बायको दारात पोचली होती. चौकट धरून ती ऐकत होती.

अगं, तुझ्यासाठी नव्हतं ते, एवढंच त्याला म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर आलंही. पण इतक्या वर्षांत त्याच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं. पाचला सात मिनिटं होती. "बोला कॅप्टन. काही द्यायचं होतं का?"

त्याने कागद बाहेर काढला. घामाने तो मऊ पडला होता. मुलीची नजर चुकवून त्याने हात पुढे केला. कागद अर्ध्या वाटेत असताना बाजूने दुसरा हात आला आणि त्याने तो अलगद काढून घेतला.

"काही नाही हो, सामानाची यादी आहे माझी," बायको कारकुनाला म्हणाली. कागद पर्समध्ये टाकून तिने चेन ओढली. मुलीच्या खांद्यावर एकदा थोपटलं आणि ती जिन्याकडे वळली.

अर्ध्या जिन्यात त्याने तिला गाठलं. "अगं, हे काय केलंस? मी 'नाही' का म्हणालो, ते त्या पोरीला कुठे माहीत आहे?"

"मला माहीत आहे ना," पायऱ्या उतरता उतरताच ती म्हणाली. "एवढ्या वर्षांच्या संसारात तुमच्या हातून एक मोठं काम झालं, तेही चुकून. ते मी तुम्हाला मागे घेऊ देणार नाही."