एक मिलिमीटरची फट

चार्जरच्या पिनचा बाहेरचा व्यास साडेचार मिलिमीटर होता आणि लॅपटॉपच्या छिद्राचा साडेपाच. तिने ते कॅलिपरने मोजलं होतं. मधल्या एक मिलिमीटरच्या फटीमुळे पिन आत जायची, पण टिकायची नाही. ती वर उचलून, किंचित मागे रेटून अंगठ्याने दाबून धरली, की कडेचा पिवळा दिवा लागायचा. अंगठा सुटला की दिवा जायचा, आणि बॅटरी केव्हाच कामातून गेलेली असल्यामुळे दिव्यामागोमाग पडदाही.

गेली बावीस मिनिटं ती तशीच बसली होती. वायर आखूड, म्हणून टेबल भिंतीला चिकटवलेलं. टेबल आणि आईचा पलंग यांच्यामध्ये एक खुर्ची मावेल एवढीच जागा. तिथून उठायचं तर आधी आईचा वॉकर सरकवावा लागे. आई तिच्या डाव्या हाताला, पलंगाच्या कडेवर बसली होती. चित्रात आपला अर्धाच चेहरा येतोय म्हणून तिने मान वाकडी केली होती. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर तिला माणसं ओळखू येत नसत. म्हणून दर रविवारी सकाळी भावाशी बोलायला हा लॅपटॉप.

तो भावानेच धाडलेला. त्याच्या ऑफिसातला जुना. सोबतचा चार्जर मात्र भलत्याच लॅपटॉपचा निघाला.

"अजून तोच चार्जर?" पडद्यावरचा भाऊ कपात फुंकर घालत म्हणाला. "रसायनशास्त्रात पहिली आलेली बाई, आणि एक पिन बसवता येत नाही."

"घेते नवा."

"पाच महिने घेतेच आहेस."

"तुमचे बाबा रेडिओच्या थोबाडीत द्यायचे," आई म्हणाली. "मग लागायचा मुकाट्याने."

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने बरोबर मापाचा चार्जर तिच्यासाठी केव्हाच बाजूला काढून ठेवला होता. आईची औषधं आणायला ती त्याच्याच दुकानावरून जायची. तो हाक मारायचा. ती म्हणायची, येताना घेते. येताना ती पलीकडच्या फुटपाथने यायची.

आई जिन्यात पडली त्याला चौदा महिने झाले होते. तेवढीच लेकीची बिनपगारी रजा. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिने बारा वर्षं काम केलं होतं आणि तिथे तिची जागा अजून राखून ठेवली होती. नऊ दिवसांपूर्वी तिथून पत्र आलं. एक तारखेला हजर व्हावे, अन्यथा जागा भरण्यात येईल. पत्र तिने घडी करून खणात ठेवलं आणि त्यावर इस्त्रीचे रुमाल रचले. आईच्या खुब्याचं हाड सांधलं होतं, पण तिला एकटीला ठेवणं शक्य नव्हतं. अंघोळीला माणूस लागे, पायरीला माणूस लागे. भावाकडे एक खोली रिकामी होती. पण तिथे आधी रंगकाम निघालं, मग मुलीची परीक्षा, मग वहिनीचा गुडघा.

"एकूण काय, आई तिथे छान रुळलीय," भाऊ म्हणाला. "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त. मग असंच चालू ठेवायचं ना?"

हा प्रश्न दर रविवारी यायचा, साधारण बाविसाव्या ते पंचविसाव्या मिनिटाला. आणि नेमकी तेव्हाच पिन सुटायची. पडदा काळा व्हायचा. सगळं पुन्हा सुरू व्हायला चार मिनिटं लागत. तोवर तिच्या फोनवर भावाचा निरोप आलेला असायचा. ठरलं मग, पुढच्या रविवारी बोलू.

हो असं ती एकदाही म्हणाली नव्हती. नाही असंही म्हणाली नव्हती. न दिलेलं उत्तर तो आपल्या बाजूने धरतो, हे तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पण नाही म्हणायचं म्हणजे आईच्या मांडीला मांडी लावून, आईच्या देखत, आईला नको म्हणायचं. त्यापेक्षा अंधार बरा. त्यात निदान कुणाचा चेहरा दिसत नव्हता.

आताही तिने अंगठा सैल केला. मग उचलला.

भाऊ दिसतच राहिला. त्याने कप खाली ठेवला, बाही झटकली.

तिने पिनकडे पाहिलं. पिनवर आईचा अंगठा होता. वर उचलून, किंचित मागे रेटून, बरोबर त्याच कोनात. नखाचं टोक पांढरं पडलं होतं.

"किती रविवार पिन सोडणार आहेस?" आई हलक्या आवाजात म्हणाली. "चष्मा शोधताना पत्र सापडलं मला. रुमालांखाली काही लपत नाही, बाळा. तिथे लपवायला मीच शिकवलंय तुला."

"आई, अगं..."

"माझ्याकडे नको बघूस. तिकडे बोल. मी धरलंय."

भाऊ पडद्याजवळ आला. त्याचं कपाळ मोठं झालं. "हॅलो? काय कुजबुजताय मायलेकी? की गेलं परत?"

"नाही, गेलं नाही," ती म्हणाली.

आईने दुसऱ्या हाताने आपलं मनगट धरलं. दिवा पिवळाच होता. तिने खुर्ची जागच्या जागी सरळ केली आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"दादा, एक तारखेला मी कामावर हजर होतेय. तू शनिवारी ये आणि आईला घेऊन जा."