साहेबांचा शेरा

शाळा सुटल्यावर मुलं सांभाळणाऱ्या ताईंच्या केंद्रात दर्जा तपासायला साहेब टपकला. मुलांकडे ढुंकूनही न बघता थेट टेबलाशी ठाण मांडून बसला. "हजेरीची वही आणा. आता पालकांच्या सह्या दाखवा." दोन तास ताई नुसतं कपाट उपसत होत्या. एक चिमुरडी चित्र दाखवायला तीनदा आली. तिन्ही वेळा साहेबानेच तिला माशीसारखं हाकललं.

निघताना त्याने शेरा मारला: 'ताईंचं मुलांकडे अजिबात लक्ष नाही.'

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग आता काय करायचं म्हणता, साहेब?"

"सोपं आहे," पेनाला टोपण लावत साहेब म्हणाला. "मुलांकडे लक्ष दिल्याची एक वेगळी वही ठेवा."