सेवेचा दाखला

"हुशारीपुढे जगातलं एकही दार बंद राहत नाही," वडिलांनी जाहीर केलं. वडील कुलपं दुरुस्त करायचे, त्यामुळे दारांबद्दल ते अधिकारवाणीनं बोलत. मग त्यांनी विद्यापीठाच्या अर्जाचं चौथं पान उलटलं. वर लिहिलं होतं, 'अभ्यासाव्यतिरिक्त कार्य'. खाली दहा चौकटी होत्या. दहाही कोऱ्या.

मुलीला गल्लीत सगळे 'अठ्ठ्याण्णव' म्हणायचे. टक्के तेवढेच पडत, दरवर्षी. त्यापलीकडे तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं, हे घरात त्या दिवशी प्रथमच लक्षात आलं.

"पोत्यात पाय घालून पळायच्या शर्यतीत दुसरी आली होतीस की," आई म्हणाली.

"पहिलीत असताना. आणि पळणाऱ्या आम्ही दोघीच होतो."

"ते कशाला सांगायचं? दुसरा क्रमांक, एवढंच लिही."

अठ्ठ्याण्णवला ताऱ्यांचा अभ्यास करायचा होता. तो विषय त्या एकाच विद्यापीठात शिकवत. जागा चाळीस, अर्ज काही हजार, आणि अठ्ठ्याण्णव टक्केवाले तर पायलीचे पन्नास. शेवटी मावशी धावून आली. तिचा मुलगा आदल्या वर्षी तिथेच लागला होता. "वृद्धसेवा," मावशी म्हणाली. "शंभर तास. आत शिरला की नाही सुळकन?"

वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकाबाईंनी वही उघडली. "गाणं ऐकवणं भरलंय. मोबाइल शिकवणं भरलंय. बागेत फिरवायला तर तीन जण थांबलेत. वाचून दाखवणं शिल्लक आहे, चार ते पाच."

"कुणाला वाचून दाखवायचं?"

"पोस्टमास्तरांना. सगळे त्यांचीच सेवा करतात. दाखल्यावर ज्याची सेवा केली त्याचीच सही लागते, आणि इथे सही करण्याइतका हात त्यांचा एकट्याचाच स्थिर आहे."

निवृत्त पोस्टमास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असत. समोर आलेल्या कागदावर सही करायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. निवृत्तीनं त्यात फरक पडला नव्हता. एक मुलगा आला, त्यानं गिटारवर अर्धं गाणं वाजवलं, फोटो काढला आणि शंभर तासांची सही घेऊन गेला. एका मुलीनं त्यांना खुर्चीसकट दारापर्यंत ढकललं, फोटो काढला आणि परत आणून ठेवलं. तिचेही शंभर तास झाले.

अठ्ठ्याण्णवला हे पाहून शिसारी आली. ती तीन महिने जवळजवळ रोज आली, घड्याळ समोर ठेवून पुरता एक तास वाचत राहिली. वाचायला तिनं स्वतःचं भौतिकशास्त्राचं पुस्तक आणलं होतं, कारण परीक्षा तोंडावर होती. पहिल्या परिच्छेदाला पोस्टमास्तर डोळे मिटत आणि पाच वाजता उघडत. दोघांचीही तक्रार नव्हती.

दाखल्याच्या दिवशी पोस्टमास्तरांनी पेनचं टोपण काढलं. "शंभर लिही. सगळे शंभरच लिहितात."

"त्र्याऐंशीच झालेत, आजोबा."

"बरं," असं म्हणून त्यांनी सही केली. त्या दिवशी अठ्ठ्याण्णव ताठ मानेनं घरी गेली. दहापैकी एक चौकट भरली होती, आणि खरी भरली होती.

पत्र चार महिन्यांनी आलं. एकच पान होतं आणि भाषा फार सभ्य होती. तीस अर्जदारांनी एकाच गृहस्थांच्या सहीचे दाखले जोडले आहेत, असं विद्यापीठानं कळवलं होतं. त्या दाखल्यांनुसार सदर गृहस्थांची तीन महिने दररोज सुमारे तेहेतीस तास सेवा झालेली आहे. दिवस चोवीस तासांचा असतो हे लक्षात घेता तीसही अर्ज बाद करण्यात येत आहेत. निर्णय अंतिम आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

आईनं पत्र दोनदा वाचलं. वडील एका किल्लीवर कानस घासत राहिले. ती किल्ली सकाळीच तयार झाली होती.

चार वाजता अठ्ठ्याण्णव पत्र घेऊन वृद्धाश्रमात गेली. गिटार नव्हतं, मोबाइल नव्हता, बागेत न्यायला कुणी थांबलेलं नव्हतं. पोस्टमास्तर एकटेच बसले होते. त्यांनी पत्र हात लांब करून वाचलं.

"तेहेतीस तास," ते म्हणाले. "म्हणजे मी झोपलो होतो तेव्हासुद्धा सेवा चालू होती."

"माझे त्र्याऐंशी खरे होते, आजोबा. तुम्हाला माहीत आहे. तसं एक पत्र लिहून द्या मला."

"देतो की. आत्ता देतो. पण खाली सही माझीच येणार."

अठ्ठ्याण्णव नेहमीच्या स्टुलावर बसली. पुस्तक आणलेलं नव्हतं, त्यामुळे बघायचं कुठे ते तिला कळेना. त्र्याऐंशी तासांत ती पहिल्यांदाच तिथे नुसती बसली होती.

पोस्टमास्तरांनी पत्राची नीट घडी घालून ते तिला परत दिलं. "उद्या येणार आहेस?"

यायला आता काहीच कारण नव्हतं. पण तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून ती म्हणाली, "येईन."

"मग येताना नेलकटर घेऊन ये," पोस्टमास्तर म्हणाले. "पायाची नखं बोटांत रुतायला लागलीत. वर्ष होत आलं, माझा हात काही तिथवर पोचत नाही."